तोंडावरचा हात

२ फेब्रुवारी

प्रिय घुबडा,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच कचऱ्यात टाकशील, म्हणून पत्ता लेकीकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. भांडण उकरायला लिहीत नाही. फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, तेही तसंच राहू दे. तुझ्या चष्म्यांच्या कारखान्याचा पत्ता तेवढा माझ्याकडे होता.

एकच विचारायचं आहे. तुला मुतखडा झाला होता, बरोबर? पहिल्या वेळी मीच तुला दवाखान्यात नेलं होतं. कळ येऊन तू वाकडा झाला होतास आणि डॉक्टर माझ्याकडे बघून विचारत होते, ‘यांना कुठे दुखतंय?’ तू समोर बसलेला असताना! मी तुझ्याकडे वळून सावकाश, तोंड मोठं करून विचारायचे, तू सांगायचास, मग मी त्यांना सांगायचे. तर तो खडा नंतर पुन्हा झाला का? आणि रक्तातलं कॅल्शियम कधी कुणी तपासलं आहे का?

का विचारते, तर माझ्या खालच्या जबड्यात उजवीकडे एक बारीकशी गाठ आहे. साधी आहे. कर्करोग नाही, तुकडा काढून तपासून झालं आहे. जबड्याचे डॉक्टर जरा चौकस निघाले, त्यांना घरातल्या सगळ्यांची दुखणी हवी आहेत. काळजीचं काही नाही.

उत्तर एका ओळीचं चालेल, पण लवकर पाठव. नाहीतर मी तुझ्या कारखान्याच्या दारात गाडी आणून लावीन आणि ती लावायला माझ्याकडे गाडी शिकणारी सगळ्यात नवखी विद्यार्थिनी बसवीन. भिंत गेली तर मला बोलू नकोस.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

प्रिय घुबडा,

‘होता. दोनदा. कॅल्शियम माहीत नाही. का?’

तीन वर्षांनी भावाचं उत्तर आलं ते हे! तारेच्या जमान्यातही लोक याहून सैल हातानं लिहायचे. पण खरं सांगू, ते ‘दोनदा’ वाचून मी स्वयंपाकघरात नाचले. तुझे भावोजी म्हणाले, ‘काय झालं, लॉटरी लागली?’ मी म्हटलं, ‘त्याला दुसऱ्यांदाही खडा झाला होता!’ ते माझ्याकडे बघतच राहिले. भावाच्या मुतखड्यासाठी देव पाण्यात घालून बसलेली बहीण त्यांनी कधी पाहिली नसणार.

आता तुझा ‘का?’. मागच्या पत्रात मी ‘बारीकशी गाठ’ लिहिलं ते खोटं आहे. चांगली लिंबाएवढी आहे. आधी एक दाढ हलली, ती काढली, पण सूज उतरेना. एक्स-रे काढला तर हाडात मोठी पोकळ काळी जागा. सुईनं तुकडा काढला, त्यात मोठमोठ्या पेशी निघाल्या, आणि रिपोर्ट आला की गाठ साधी आहे. मी पेढे वाटायच्या बेतात होते. तेवढ्यात जबड्याच्या डॉक्टरांनी, मी त्यांना जबडेवाले म्हणते, टेबलावर एक पांढरा जबडा ठेवला. माझाच, यंत्रावर प्लॅस्टिकचा छापलेला. त्यावर त्यांनी पेननं एक रेघ हनुवटीजवळ काढली आणि एक कानाखाली. म्हणाले, ‘साधी असली तरी हाड खात चाललीय. इथपासून इथपर्यंत काढावं लागेल. पायातलं हाड घेऊन तिथे बसवू.’

साधी म्हणे! साधीचा हा थाट असेल तर वाईट गाठ काय करत असेल!

मी त्यांना एकच विचारलं, ‘ओठ कसे हलतील?’ ते म्हणाले की खालच्या ओठाची एका बाजूची संवेदना जाईल, तोंडाचा कोपरा थोडा उतरेल, पण बोललेलं लोकांना कळेल. मी म्हटलं, ‘लोकांना कळेल हो. ज्याला ऐकू येत नाही त्याला?’

घुबडा, तू बोलणं माझ्या तोंडावरून शिकलास. आई स्वयंपाकात असायची, बाबा कामावर, आणि मी तुला समोर बसवून ‘पाणी’ म्हणायचे, तुझा हात माझ्या गालावर ठेवून. जगातले सगळे शब्द तुझ्यासाठी आधी या जबड्यावर आले. तू आता माझ्याकडे बघत नाहीस, हे मला माहीत आहे. पण उद्या बघायचं ठरवलंस, तर तुला वाचता यायला हवं की नको? मला रात्रीची झोप येईना ती या विचारानं. पाय, हाड, टाके, त्याचं काही नाही. तुला मी वाचता येणार नाही, याची भीती वाटली आणि अजून वाटते.

आता पुढची गंमत. नवं हाड धरून ठेवणारी धातूची पट्टी कुठे वाकवायची ते ठरवायला जबडेवाल्यांनी एक्स-रे पुन्हा उजेडावर धरला आणि तसाच धरून उभे राहिले. मग खुर्ची ओढून मला म्हणाले, ‘इकडे या, बघा.’ दातांच्या मुळांभोवती एक बारीक पांढरी रेघ असते म्हणे, प्रत्येक दाताला, पेन्सिलीनं गिरवल्यासारखी. माझ्या एकाही दाताला ती नव्हती. डाव्या बाजूलाही नव्हती, जिथे गाठच नाही! म्हणाले, ‘हे जबड्याचं दुखणं नसेलही. कुणीतरी हाडांतलं कॅल्शियम पळवतंय.’ मानेत, थायरॉईडच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांतली एक माजली की सगळ्या हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात सोडते. मग कुणाला मुतखडा होतो, तर कुणाच्या जबड्यात अशी गाठ होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती दुसऱ्या गाठींसारखीच दिसते. काही घरांत हे रक्तातून उतरतं. म्हणून तुझा खडा हवा होता.

म्हणजे चोर मानेत बसला असेल तर ती ग्रंथी काढायची, जबड्याला हातच लावायचा नाही. हाड आपोआप भरून येतं! आणि आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो. जबडेवाले स्वतःच कपाळावर हात मारून म्हणाले, ‘रक्त आधी तपासायला हवं होतं. तोंड बघायची सवय लागली की माणूस तोंडाखाली बघत नाही.’

रक्त दिलं आहे. कॅल्शियम जास्त निघालं तर मान, नाही निघालं तर करवत. मी श्वास रोखून बसले आहे.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

घुबडा, जास्त आहे! भरपूर जास्त आहे! त्या ग्रंथीचा रसही रक्तात कितीतरी पट जास्त निघाला. जबडेवाल्यांनी रिपोर्ट बघून टेबलावर अशी थाप मारली की माझा प्लॅस्टिकचा जबडा खाली पडला. मग मानेचं स्कॅन झालं आणि डावीकडे खाली चोर सापडला, चांगला बोराएवढा फुगलेला.

आता मी मानेच्या डॉक्टरांकडे, म्हणजे माझ्या मानवाल्या बाईंकडे जाते. त्या बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, ‘थकवा येतो? विसरायला होतं? चिडचिड?’ मी उडालेच. चिडचिड ग्रंथीमुळे होते! घरी धावत आले, तुझे भावोजी कागद चाळत बसले होते, त्यांना म्हटलं, ‘ऐकलंत? माझा राग आजार आहे.’ ते म्हणाले, ‘आणि लग्नाच्या वर्षी आरसा फोडलास तो?’ मी म्हटलं, ‘तेव्हापासूनच असेल.’ ‘असेल, असेल,’ म्हणाले आणि कागदात तोंड घालून हसत बसले.

पण पत्र लिहिलं ते यासाठी नाही. थांब, जरा सावकाश लिहिते.

मानवाल्या बाईंना गाठ केव्हापासून आहे ते हवं होतं. त्या म्हणाल्या, जुने फोटो आणा. लेकीनं तिचा फोन उघडला आणि आम्ही मागे मागे जात राहिलो. एक गोष्ट मला आधी दिसलीच नाही. लेक म्हणाली, ‘आई, तुझा हात बघ.’ प्रत्येक फोटोत माझा उजवा हात तोंडावर. गाडीशेजारी उभी, हात तोंडावर. हसतेय, हात तोंडावर. विद्यार्थिनीला लायसन्स मिळालं, ती पेढा दाखवतेय आणि मी तोंड झाकून उभी. सूज दिसू नये म्हणून, की ठणका लागू नये म्हणून, देव जाणे. मला पत्ताच नव्हता.

तीन वर्षांआधीच्या कुठल्याच फोटोत मात्र हात नाही. आणि हात असलेला पहिला फोटो लेकीच्या अठराव्या वाढदिवसाचा आहे.

तू त्याच दिवशी गेलास.

तू नोकरीचं सांगत होतास. दुसऱ्या शहरात जाणार, एकटा राहणार. मी तुझ्या भावोजींकडे वळून तोंडावर हात धरून काहीतरी बोलले. आपल्या घरात तुझ्यासमोर कुणी तोंड झाकून बोलत नाही. आईनं एकदा पदर लावला होता तर तू दोन दिवस जेवला नव्हतास. तू विचारलंस, ‘काय म्हणालीस?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ मग तू डोळे मिटलेस. तू डोळे मिटलेस की जगातला कुणीही तुझ्याशी बोलू शकत नाही. तसाच उठून, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेलास.

मला तीन वर्षं वाटत होतं की तू माझ्या ‘जाऊ नको’ला कंटाळून गेलास. तुला काय वाटत होतं, ते मला आज त्या फोटोवरून कळलं. पण मी खरंच काय म्हणाले होते, ते काही केल्या आठवत नाही रे. ग्रंथीनं तेही खाल्लं.

ताई

३ मार्च

प्रिय घुबडा,

तुझं कार्ड मिळालं. ‘मला आठवतंय. तू म्हणालीस, काही नाही.’

बरोबर आहे. मी घायाळ. तुझ्याकडे शब्द ही एकच वस्तू धारदार आहे, आणि ती तू मोजून वापरतोस.

पण आता साक्षीदार ऐक. काल जेवताना मी सहज तुझ्या भावोजींना विचारलं, त्या दिवशी मी तुमच्या कानात काय कुजबुजले होते? मला वाटलं यांना काय आठवणार, यांना स्वतःच्या किल्ल्या आठवत नाहीत. ते लगेच म्हणाले, ‘तू म्हणालीस, मला चावता येत नाहीये, दाढ दुखतेय, माझा केक तुम्ही घ्या.’ मी म्हटलं, ‘इतकं पक्कं कसं?’ तर म्हणाले, ‘दोन तुकडे मिळाले होते. अशा गोष्टी माणूस विसरत नाही.’

एवढंच होतं. दाढ दुखतेय. तू आनंदाची बातमी सांगत होतास, मध्येच माझी दाढ कशाला, म्हणून ‘काही नाही’ म्हटलं. तुला वाटलं असेल मी म्हणाले, हा एकटा कसा राहणार, याला ऐकू येत नाही. खरं की नाही? ते मी मनात म्हणत होते, खोटं कशाला बोलू. रोज म्हणत होते. पण म्हणायचं असतं तर तुझ्या तोंडावर म्हटलं असतं, तोंड उघडं ठेवून. मी कधी तुझी भीड ठेवली आहे का?

पटलं नाही तर भावोजींना लिही. केकचा रंगसुद्धा सांगतील.

ऑपरेशन येत्या सोमवारी सकाळी. मानवाल्या बाईंनी सही घेताना सांगितलं की त्या ग्रंथीला चिकटून आवाजाची नस जाते. ती दुखावली तर आवाज बसतो, क्वचित कायमचा जातो. तुझे भावोजी एकदम गंभीर झाले. गाडी शिकवणारीचा आवाज गेला तर ‘ब्रेक!’ कोण ओरडणार? मी मात्र हसायला लागले. बाई म्हणाल्या, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘ज्याच्यासाठी जबडा वाचवतेय त्याला माझा आवाज कधी लागलाच नाही. घ्या, खुशाल घ्या.’

तू यायची काही गरज नाही. इथे माणसं आहेत. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, खिडकीजवळची खाट. हे आपलं सहज, माहिती म्हणून.

तुझी ताई

२२ मार्च

माझ्या घुबडा,

तू काल गेलास आणि मी आज लिहायला बसले. आता तू म्हणशील, सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, सांगतेस काय? पण तू अर्धंच पाहिलंस. तुला ऐकू न आलेलं अर्धं माझ्याकडे आहे, ते घे.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर दारात तू. कोटाची बटणं चुकीची लावलेली, नाकावर स्वतः घासलेला चष्मा. माझा हात आपोआप वर निघाला होता, तो मी चादरीखाली दाबून धरला. तू आत आलास, स्टूल ओढलंस आणि माझ्या तोंडाकडे बघत बसलास. मी म्हटलं, ‘बारीक झालास.’ आवाज निघालाच नाही, नुसती हवा. आदल्या दिवसापासून तसंच होतं, नस रुसली होती. तू लगेच म्हणालास, ‘तू जाड झालीस.’ तुला कळलंच नाही ना की मला आवाज नाही? शेजारच्या खाटेवरची बाई मात्र तोंड वासून बघत होती. तिला वाटलं, हा माणूस मनातलं ऐकतो.

मग तुझे भावोजी औषधं आणायला खाली गेले आणि माझ्या ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या. आधी ओठ, मग बोटं. मी नर्सला सांगायला गेले तर हवा. ती म्हणाली, ‘पाणी हवंय का?’ मी मान हलवली. ‘उशी वर करू?’ लिहायला पेन मागावं तर बोटं आखडून एकमेकांना चिकटलेली, सरळच होईनात. ती म्हणाली, ‘घाबरू नका, भूल उतरली की असं होतं,’ आणि वळली.

तेव्हा तू उभा राहिलास.

तुझा आवाज कसा आहे हे तुला माहीत नाही, म्हणून सांगते. तो जाडा आहे, वर-खाली होतो, शब्दांच्या कडा घासलेल्या असतात. परक्यांसमोर तो तू कधीच काढत नाहीस. शाळेत पोरं हसली तेव्हापासून. काल... नव्हे, त्या दिवशी तू तो पूर्ण सोडलास. ‘तिच्या ओठांना मुंग्या येतायत! बोटं आखडली आहेत! ती सांगतेय!’ अख्खा मजला थांबला. जिन्यातला शिपाई पाण्याची बादली घेऊन तसाच उभा. नर्सनं तुझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं, आणि धावली.

मानवाल्या बाई पळत आल्या. चोर निघाल्याबरोबर माझ्या उपाशी हाडांनी रक्तातलं सगळं कॅल्शियम हावऱ्यासारखं ओढून घेतलं होतं. ते आणखी उतरलं असतं तर झटके आले असते, हृदयापर्यंत गेलं असतं. त्यांनी शिरेतून कॅल्शियम सुरू केलं, सावकाश, पडद्यावर ठोके बघत. आणि मग काय झालं ते तुझ्या लक्षातही आलं नसेल. त्या मला विचारत होत्या, ‘आता कसं वाटतंय?’ मी ओठ हलवले. तू म्हणालास, ‘मुंग्या कमी झाल्या म्हणते.’ त्यांनी पुढचा प्रश्न तुझ्याकडे बघून विचारला, ‘यांना अजून कुठे होतंय?’

माझ्याकडे न बघता, तुझ्याकडे बघून! मला असा राग आला आणि असं हसू आलं की काय सांगू. तू माझ्याकडे वळलास, सावकाश, तोंड मोठं करून विचारलंस. बरोबर तस्संच, जसं मी तुला विचारायचे.

आवाज परत येतो आहे, घोगरा का होईना. तू मात्र रक्त तपासून घे. हा हुकूम आहे.

तुझी ताई

१४ सप्टेंबर

प्रिय घुबडा,

आज जबडेवाल्यांकडे गेले होते. नवा एक्स-रे उजेडावर लावला आणि त्यांनी मला हाक मारायच्या आधीच मी उठून गेले. रेघ आली आहे! प्रत्येक दाताभोवती, बारीक, पांढरी. आणि लिंबाएवढ्या काळ्या जागेत हाड भरलं आहे, कडेनं आत येत येत, मध्ये आता वाटाण्याएवढं उरलंय. करवत लागली नाही. पायातलं हाड पायातच आहे. मी त्यांच्या टेबलाभोवती गिरकी घेतली आणि त्यांनी मला माझा प्लॅस्टिकचा जबडा भेट दिला. तो मी शिकवायच्या गाडीत काचेपुढे ठेवला आहे. नव्या विद्यार्थिनी त्याच्याकडे बघून आपोआप हळू चालवतात.

राग गेला नाही. भावोजींनी हे तुला मुद्दाम कळवायला सांगितलं आहे. ग्रंथीवर नाहक आळ आला, म्हणाले.

आता तुझा रिपोर्ट. तू त्याचा फोटो पाठवून खाली ‘बरा आहे’ लिहिलंस. मी मानवाल्या बाईंना दाखवला. बरा नाही. कॅल्शियम माझ्याएवढं नसलं तरी वर आहे, आणि तुझे दोन खडे त्याचेच. ‘बारीकशी’ गाठ कोण लिहितं आणि ‘बरा आहे’ कोण लिहितं, एका आईची आहोत हे कळतंच. त्या म्हणाल्या, वेळेवर ग्रंथी काढून टाकू, जबड्यापर्यंत यायच्या आत. मग जरा घुटमळत विचारलं, ‘त्यांच्याशी बोलायचं कसं?’ मी म्हटलं, ‘तोंड उघडं ठेवून, त्यांच्याचकडे बघून. आणि अडलं तर मी आहे.’

तुला भीती वाटत असेल. मलाही वाटते, माझ्या वेळेपेक्षा जास्त. पण मी खाटेपाशी स्टुलावर बसून असेन. तू काही म्हणालास तर सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगेन, आवाज पूर्ण परत आला आहे.

सोबत चार फोटो आहेत, लेकीनं काढलेले. एका फोटोत एकच अक्षर मावतं म्हणून चार लागले. मागे आकडे घातले आहेत, ओळीनं लाव. पहिल्यात ओठांचा चंबू आहे, तो ‘घु’. दुसऱ्यात मिटलेले, ‘ब’. तिसरा ‘डा’. चौथा ‘ये’.

तिसरा नीट बघ. ‘डा’ला जबडा पूर्ण उघडतो, आणि त्यावर हात नाही.

ताई